तक्रारीचे उत्तर हाही मालाचाच भाग

(शेतमालावर प्रक्रिया करून थेट विक्री करणाऱ्या शेतकरी गटांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



या वर्गात आपण प्रतवारी, वाळवण, दळण, पॅकिंग आणि लेबल या विषयांची माहिती घेतली. माल चांगला कसा करावा आणि तो ग्राहकाच्या दारापर्यंत सुखरूप कसा पोचवावा, हे आपण पाहिले. आजचा विषय त्यापुढचा आहे. माल पोचल्यावर ग्राहकाने तक्रार केली तर काय करावे? हा विषय प्रशिक्षणात सहसा घेतला जात नाही. परंतु ज्या गटांनी दोन-तीन हंगाम पार्सलने माल पाठविला आहे, त्यांना विचारा. मालापेक्षा तक्रारीनेच त्यांची झोप अधिक उडविलेली असते.

आपण आडतीवर माल नेत होतो तेव्हा हा प्रश्न नव्हता. मालाचा सौदा झाला, पट्टी हातात पडली की आपला संबंध संपला. आठवडे बाजारात बसणाऱ्या भगिनींचा अनुभव वेगळा आहे. मागल्या बाजारी दिलेली मिरची तिखट निघाली नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या बाजारी समोर येऊन उभे राहते. तेथल्या तेथे बोलणे होते, मूठभर मिरची जास्त घातली जाते आणि गिऱ्हाईक टिकते. आता आपण पुण्या-मुंबईच्या, परराज्यांतल्या ग्राहकाला माल पाठवितो. तो आपले तोंड पाहत नाही. त्याच्या हाती आपले पाकीट आणि आपले उत्तर या दोनच गोष्टी पडतात. पाकिटात दोष निघाला, तर आपल्याला ओळखायला त्याच्याजवळ उत्तरच उरते.

एका कॉफीच्या मागणीचे उदाहरण

हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून आमच्या घरचे एक उदाहरण सांगतो. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. आपल्याला धडा घ्यायचा आहे, कोणाची बदनामी करावयाची नाही.

आपल्या राज्यात मेळघाटातील चिखलदऱ्याच्या परिसरात थोडी कॉफी होते. देशातील बहुतेक कॉफी मात्र कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत पिकते. आमच्या घरी फिल्टर कॉफी घेण्याची सवय असल्याने दक्षिणेतील एका विक्रेत्याकडून दर दोन महिन्यांनी एक किलो पूड मागवीत असू. प्रमाण ठरलेले होते, ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड. ती मिसळण्यास कायद्याची परवानगी आहे. मात्र अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे.

विक्रेत्याची जाहिरात अशी होती की, मागणी आल्यावर कॉफी भाजून व दळून पाठविली जाते. एकदा अर्ध्या किलोची दोन पाकिटे आली. किंमत ९०० रुपये. पाकीट फोडले तर पूड रव्यासारखी जाड. फिल्टरमध्ये गरम पाणी ओतले की ते पाच मिनिटांत खाली उतरे आणि अर्क पातळ निघे. पाकिटावरचा शिक्का पाहिला तर भाजल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची.

येथे थोडे शास्त्र सांगतो, कारण ते आपल्या हळद-मसाल्यालाही लागू आहे. भाजलेल्या बियांत कर्बवायू साठलेला असतो आणि तो काही दिवस हळूहळू बाहेर पडतो. म्हणून चांगल्या पाकिटाला एकाच दिशेने वायू सोडणारी झडप असते. हवेतील प्राणवायूचा संपर्क आला की सुगंध कमी होऊ लागतो. दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, म्हणून अख्ख्या बियांपेक्षा पूड लवकर शिळी होते. आणि दळण जाड असेल तर पाणी त्यातून झरझर निघून जाते व अर्क उतरत नाही. म्हणजे आमची तक्रार आवडीनिवडीची नव्हती. दळण आणि तारीख या दोन तपासून पाहता येणाऱ्या गोष्टींची होती.

तक्रार लिहून पाठविली. सोबत मागणीचा क्रमांक, पाकिटावरील शिक्क्याचे आणि पुडीचे छायाचित्र जोडले. तीन गोष्टी विचारल्या. दुसऱ्या दळणाचे पाकीट चुकून आले काय? तारीख इतकी जुनी कशी? आणि पाकिटे बदलून मिळतील, की पैसे परत मिळतील?

नऊ दिवसांनी उत्तर आले. त्याचा आशय असा होता. आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आमची कॉफी उत्कृष्ट प्रतीची असून हजारो ग्राहक समाधानी आहेत. चव ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे. कॉफी करण्याची योग्य पद्धत पाकिटावर दिली आहे, तिचा अवलंब करावा. फोडलेले पाकीट परत घेतले जात नाही. पुढील खरेदीवर आपणास १० टक्के सवलत देण्यात येत आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

या उत्तरात काय चुकले?

भाषा सभ्य आहे. शिवी नाही, उर्मटपणाही नाही. तरीही हे उत्तर वाचून ग्राहक दुखावतो. का, ते पाहू.

पहिली गोष्ट, विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंना उत्तर नाही. दळण आणि तारीख हे शब्दसुद्धा उत्तरात आलेले नाहीत. तक्रार कोणी वाचली असेल असे वाटतच नाही.

दुसरी गोष्ट, दोष ग्राहकावर ढकलला आहे. "योग्य पद्धतीने करा" याचा अर्थ तुम्हाला कॉफी करता येत नाही.

तिसरी गोष्ट, पाकीट फोडल्याशिवाय आतील दळण जाड की बारीक हे कळणार कसे? जो दोष फोडल्यावरच दिसतो, त्याला न फोडण्याची अट घालणे म्हणजे तक्रारीचा रस्ताच बंद करणे.

चौथी गोष्ट, सवलत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार. ज्याचा माल खराब निघाला त्याच्याकडूनच आणखी माल घ्या, म्हणजे ९० रुपये सुटतील, असे सांगणे ही भरपाई होत नाही.

पाचवी गोष्ट, "निकाली काढण्यात आली" हे कोणी ठरविले? तक्रार मिटली की नाही हे तक्रारदाराला विचारून ठरवायचे असते.

आता हिशेब करू. विक्रेत्याने ९०० रुपयांचा माल बदलून दिला असता तर त्याचे तेवढे नुकसान झाले असते. वर पार्सलचा खर्च. परंतु आम्ही वर्षाला सहा किलो, म्हणजे ५,४०० रुपयांची कॉफी घेत होतो. ती बंद झाली. आमच्या सांगण्यावरून दोन शेजारी त्याच विक्रेत्याकडून घेत होते, त्यांनीही हात आखडला. ९०० रुपये वाचविण्यासाठी वर्षाचे दहा-बारा हजारांचे गिऱ्हाईक घालविले.

याहून मोठे नुकसान त्यांच्या ध्यानातच आले नसेल. एका ग्राहकाकडे जाड पूड गेली, तर त्या दिवशी त्याच यंत्रावर दळलेली आणखी किती पाकिटे गेली असतील? गोदामात चार महिन्यांचा माल मागे कसा राहिला? आधी आलेला माल आधी बाहेर काढावा, हा गोदामाचा साधा नियम मोडला जात आहे, हे आमच्या पत्राने त्यांना फुकट सांगितले होते. ती तक्रार म्हणजे विनामूल्य तपासणी होती. ती त्यांनी निकाली काढली.

हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे

बंधूंनो, असे उत्तर तुम्हाला नवीन नाही. सोयाबीनची पिशवी आणली, पेरणी केली, उगवण विरळ झाली आणि तुम्ही विक्रेत्याकडे गेलात. तेव्हा काय ऐकायला मिळाले? पेरणी खोल झाली असेल. ओल कमी असेल. खत बियाण्याला लागले असेल. बाकी कोणाची तक्रार नाही. ही कारणे कधी खरीही असतात. सोयाबीनचे साल नाजूक असते आणि चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पेरल्यास उगवण घटते, हे आम्हीच तुम्हाला सांगतो. परंतु शेतावर न येता, रोपांची मोजणी न करता, पिशवीवरील लॉट नंबर न पाहता जेव्हा हे सांगितले जाते, तेव्हा राग नुकसानीचा कमी आणि उत्तराचा जास्त येतो.

अशा वेळी तुम्हाला दाद मागता येते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. तालुका पातळीवरील तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात दिलेला आहे. शेतकरी घेतलेले बियाणे पेरतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवीत नाही, ही वस्तुस्थितीही न्यायालयाने मानली. म्हणून पावती, पिशवी आणि टॅग हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, हे पुन्हा एकदा सांगतो.

परंतु आजचा माझा मुद्दा दुसरा आहे. काल तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला उभे होता. आज पाकीट बनवून विकताना तुम्ही या बाजूला आला आहात. जे उत्तर तुम्हाला झोंबले, तेच उत्तर तुमच्या गटाच्या नावाने शहरातल्या एखाद्या घरी जाऊ नये.

तक्रारींचे तीन प्रकार

आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. उत्तर देण्यापूर्वी तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे.

१. दोष आपला. वजन कमी भरले, हळदीच्या जागी मिरचीचे पाकीट गेले, डाळीत खडे निघाले, काकवीची बाटली फुगली. काकवीत पाण्याचा अंश जास्त राहिला की ती आंबते व वायू तयार होतो. अशा वेळी एक बाटली बदलून देऊन भागत नाही. त्या दिवशी भरलेल्या सर्व बाटल्या बाजूला काढाव्यात, विक्री थांबवावी आणि ज्यांना त्याच बॅचचा माल गेला त्यांना आपण होऊन कळवावे. खाण्याच्या वस्तूत हयगय चालत नाही. माल खाऊन कोणाची प्रकृती बिघडल्याची तक्रार असेल, तर चौकशी होईपर्यंत ती बॅच विकूच नये.

२. दोष वाटेतला किंवा मालाच्या अंगचा. पेटी आपटली, बरणी फुटली, पावसाळ्यात गुळाला पाणी सुटले. ग्राहकाने पैसे आपल्याला दिलेले असतात, वाहतूकदाराला नव्हे. म्हणून भरपाई आपण करावी आणि वाहतूकदाराशी आपण भांडावे. हापूसच्या साक्याचे उदाहरण कोकणातील बंधूंना माहीत आहे. बाहेरून फळ सोन्यासारखे दिसते आणि कापल्यावर आत पांढरा, आंबूस गर निघतो. साका बाहेरून ओळखता येत नाही. फळे ८० ते ८५ टक्के तयार असताना काढल्यास साक्याचे प्रमाण कमी राहते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेली रत्ना ही संकरित जात साक्यापासून मुक्त आहे. परंतु हापूसमध्ये एखादे फळ निघणारच. मग तेच पेटीवर आधी का सांगू नये? "कापल्यावर साका निघालेल्या फळाचे छायाचित्र पाठवावे, त्याची किंमत परत मिळेल" असे एक वाक्य छापले, तर तक्रार भांडण होऊन येत नाही.

३. ग्राहकाचा गैरसमज. थंडीत मधाची साखर झाली की लगेच पत्र येते, "तुम्ही साखर मिसळली आहे." मधातील द्राक्षशर्करेचे कण होणे हा नैसर्गिक गुण आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. इंद्रायणी तांदळाचा भात चिकट होतो, ही तक्रारही अशीच. तो त्या जातीचा गुणच आहे आणि तांदूळ नवा असेल तर पाणी कमी लागते. येथे ग्राहक चुकलेला आहे. तरीही "तुम्हाला कळत नाही" असा सूर लागू देऊ नये. शंका येणे साहजिक आहे असे मानून कारण सांगावे, उपाय सांगावा आणि समाधान झाले नाही तर माल परत घेण्याची तयारी दाखवावी. अशी पत्रे वारंवार येत असतील, तर ती माहिती लेबलवरच छापावी.

उत्तर कसे द्यावे?

१. तक्रार मिळाली, एवढे त्याच दिवशी कळवावे. चौकशीला वेळ लागणार असेल तर किती दिवस लागतील ते सांगावे.

२. तक्रार दोन वेळा वाचून त्यातील प्रश्न वेगळे काढावेत. प्रत्येकाला उत्तर द्यावे.

३. बॅच नंबरवरून माल कोणी, कधी भरला ते वहीत पाहावे. त्याच बॅचचे एक पाकीट आपल्याकडे नमुना म्हणून ठेवलेले असावे. ते फोडून स्वतः पाहावे.

४. चूक असेल तर ती नाव घेऊन कबूल करावी. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" एवढे पुरेसे नाही. काय चुकले ते लिहावे.

५. काय करणार आणि केव्हा करणार ते सांगावे. माल बदलून हवा की पैसे परत हवेत, हे ग्राहकाला ठरवू द्यावे.

६. चार-सहा दिवसांनी विचारणा करावी आणि त्याने मिटली म्हटल्यावरच वहीत तक्रार मिटली अशी नोंद करावी.

नमुना म्हणून एक उत्तर देतो.

"स. न. वि. वि. आपली तक्रार काल मिळाली. हळद पुडीच्या अर्धा किलोच्या पाकिटात ४५० ग्रॅम पूड भरली, हे आपण वजनकाट्याच्या छायाचित्रासह कळविले. आम्ही त्याच बॅचची शिल्लक पाकिटे तोलून पाहिली. त्यांतही वजन कमी आढळले. त्या दिवशी आमचा वजनकाटा बरोबर लावलेला नव्हता. ही चूक आमची आहे. आपणास नवीन पाकीट उद्या पाठवीत आहोत. त्याऐवजी पैसे हवे असल्यास तसे कळवावे. आधीचे पाकीट परत करण्याची गरज नाही. या बॅचच्या इतर ग्राहकांनाही आम्ही कळवीत आहोत. आपण लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहोत. आपला विश्वासू."

यात एकही मोठा शब्द नाही. हजारो समाधानी ग्राहकांचा उल्लेख नाही. पण हे पत्र वाचून माणूस पुन्हा हळद मागवील.

कायद्याच्या बाजू

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आहे. दोष घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्याआधी तो १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवू शकतो. संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्यांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे लागते. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पाकिटावर वजन, किंमत, बॅच नंबर, तारीख यांच्याबरोबरच तक्रारीसाठी नाव, पत्ता आणि दूरध्वनी छापणे बंधनकारक आहे. तो दूरध्वनी उचलणारी व्यक्ती गटाने ठरवून द्यावी. छापलेला क्रमांक कोणी उचलतच नसेल तर तो छापून उपयोग नाही.

गटाने आजच करावयाची कामे

तक्रारींसाठी एक वेगळी वही घालावी. तारीख, ग्राहकाचे नाव, बॅच नंबर, तक्रार, कारण, केलेला उपाय आणि मिटल्याची तारीख असे सात रकाने पुरेत. महिन्याच्या बैठकीत ही वही मोठ्याने वाचावी. त्यात कोणाचा कान धरण्याचा हेतू नसावा. एकच दोष तीन वेळा दिसला, तर तो माणसाचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे असे समजून पद्धत बदलावी. तसेच दरमहा विक्रीतील थोडी रक्कम बदली मालासाठी बाजूला ठेवावी, म्हणजे पाकीट बदलून देताना हात आखडत नाही आणि सभासदांत वादही होत नाहीत.

लबाड तक्रारीही येतील, हे खरे आहे. माल संपवून पैसे परत मागणारा एखादा भेटतो. वहीत त्याचे नाव दोन-तीनदा आले की तो ओळखू येतो, त्याला माल पाठविणे थांबवावे. पण त्या एकासाठी उरलेल्या प्रामाणिक ग्राहकांना संशयाने उत्तर देऊ नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, मोठ्या कंपन्यांजवळ जाहिरातीला पैसा आहे. एक गिऱ्हाईक गेले तर त्या दुसरे आणतात. आपल्या गटाला तसे परवडणारे नाही. आपल्याजवळ मालाचा कस आहे आणि दिलेला शब्द आहे. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोने खपत नाही, असे म्हणतात. आपण सोने पिकवितो. ते विकल्यावर ग्राहकाने हाक मारली, तर ओ द्यायची तयारीही आपल्या अंगी असू द्या. पुढील महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपली तक्रार वही बरोबर आणावी. कोरी आणली तरी चालेल, पण ती घातलेली असावी.